कुलाबा किल्ला, चौलची देवळं आणि अलिबागचं जेवण: दोन दिवसांचा क्रम कसा लावावा

अलिबागला जाणाऱ्यांची ठरलेली चूक अशी. शनिवारी सकाळी आठला घर सोडायचं, वडखळच्या कोंडीत तासभर घालवायचा, एकला गावात पोचून आधी थाळी जेवायची आणि तीनला किनाऱ्यावर उभं राहून विचारायचं, ‘किल्ल्यात जायचा रस्ता कुठाय?’ त्या वेळी रस्ता बहुधा पाण्याखाली असतो. मग किल्ला लांबूनच बघायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन परत निघायचं आणि ‘अलिबागमध्ये फारसं काही नाही’ असं सांगायचं.

या भागात बेताची सुरुवात हॉटेलपासून करू नये. पहिली येते ओहोटी, तिच्याभोवती किल्ला बसतो, किल्ल्याच्या वेळेभोवती देवळं, आणि देवळं झाली की मासे. क्रम याच दिशेनं लावला तर दोन दिवसांत कुलाबा, चौल, रेवदंडा, कोर्लई आणि परतीच्या सकाळी कनकेश्वर एवढं आरामात होतं. उलटा लावला तर त्यातलं निम्मंही होत नाही.

## १. तारीख ठरवण्याआधी तिथी बघा

कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर खडकावर आहे. पूर्ण ओहोटीला वाळू आणि खडकांवरून चालत पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं. भरतीला तो बेट होतो.

ओहोटीची वेळ मोबाइलवर मिळते, पण दोन महिने आधी तारखा चाळताना कोकणातला जुना हिशोब जास्त सोयीचा पडतो. तिथीला पाऊणनं गुणा. उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. तिथी पक्षातली धरायची, म्हणजे शुद्ध असो वा वद्य, १ ते १५. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, म्हणून पहाटे तीन आणि दुपारी साडेतीनच्या सुमाराला भरती. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊ. दर दिवशी ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते.

उजेडातली ओहोटी या हिशोबानं अशी पडते:

- द्वितीया: सकाळी पावणेआठ
- तृतीया: साडेआठ
- चतुर्थी: सव्वानऊ
- पंचमी: दहा
- अष्टमी: सव्वाबारा
- दशमी: दुपारी पावणेदोन
- एकादशी: अडीच
- द्वादशी: सव्वातीन
- त्रयोदशी: चार
- पौर्णिमा आणि अमावास्या: पहाटे पाच आणि संध्याकाळी साडेपाच

इथे बहुतेक जण अष्टमी निवडतात. भर दुपारी ओहोटी, सकाळी घर सोडून आरामात पोचता येईल असा विचार असतो. पण अष्टमीच्या आसपास भांग असते. उधाणाच्या दिवसांत भरती मोठी तशी ओहोटीही खोल जाते आणि खडक उघडे पडतात. भांगेला दोन्ही मंद. पाणी उतरतं, पण पुरतं हटत नाही, आणि ‘ओहोटीलाच आलो, तरी गुडघाभर पाणी कसं?’ असा प्रश्न पडतो. उलट पौर्णिमा-अमावास्येला वाट सगळ्यात कोरडी असते, पण ओहोटी पहाटे किंवा मावळतीला येते. अंधारात शेवाळलेल्या खडकांवरून परत यायचं नसतं.

म्हणून चांगल्या तिथी दोन गटांत सापडतात: सकाळसाठी तृतीया ते पंचमी, दुपारसाठी एकादशी ते त्रयोदशी. यात चतुर्थीचा एक योग विशेष आहे. किल्ल्यातला सिद्धिविनायक, चतुर्थीचा दिवस आणि नवाच्या आसपासची ओहोटी हे तिन्ही जुळून येतं. गर्दी मात्र धरून चाला.

> सावध: तिथीचा हिशोब तारीख निवडण्यापुरता आहे. त्यात अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज पडतो. निघायच्या आदल्या रात्री भरती-ओहोटीचं कोष्टक बघून नेमकी वेळ लिहून घ्या. अलिबागचं कोष्टक मिळालं नाही तर मुंबई बंदराचं चालतं.

> तपासा: कोष्टकात फक्त वेळ बघू नका, पाण्याची उंचीही बघा. त्याच आठवड्यातल्या इतर ओहोट्यांशी ताडून पाहा. आकडा जितका लहान तितकी वाट मोकळी.

जून ते ऑगस्टमध्ये कुलाब्याचा बेतच आखू नये. लाटा आणि वारा कोष्टक पाळत नाहीत. किनाऱ्यावर अडवलं तर हुज्जत घालू नका.

## २. येण्याची वाट ओहोटीप्रमाणे निवडा

अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. जवळचं स्टेशन पेण. पर्याय तीन.

गेटवेहून मांडवा. लाँचला साधारण तासभर. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. बहुतेक कंपन्यांच्या तिकिटात पुढची बस धरलेली असते. तिकीट काढतानाच विचारा आणि धक्क्यावर उतरल्यावर रेंगाळू नका, बस भरली की सुटते. पावसाळ्यात, म्हणजे मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, या बोटी बंद असतात.

भाऊच्या धक्क्याहून रो-रो. गाडी बोटीवर चढवता येते. शनिवार-रविवारची गाडीची जागा आधी आरक्षित करावी लागते.

रस्ता. मुंबईकर आणि पुणेकर दोघांनाही पेण-वडखळवरूनच यावं लागतं. पुण्याहून खोपोली-पेण मार्गे एकशेचाळीस किलोमीटरच्या आसपास. खरा वेळ जातो वडखळला आणि तिथून पोयनाड-कार्ले खिंडीच्या रस्त्यावर, तोही शनिवारी सकाळी नऊ ते एक आणि रविवारी संध्याकाळी.

सकाळची ओहोटी असेल तर आदल्या रात्रीच अलिबागला मुक्कामाला या. सव्वानऊच्या ओहोटीसाठी पावणेआठला किनाऱ्यावर हवं, आणि पहाटे निघून ही वेळ साधण्याचा हिशोब वडखळला मोडतो. दुपारची ओहोटी असेल तर सकाळची पहिली-दुसरी बोट पकडली तरी चालतं.

गाडी नसली तरी अडत नाही. एसटीच्या रेवदंडा आणि मुरूडकडच्या गाड्या अलिबाग स्थानकातून सुटतात, आणि मिनिडोर, रिक्षा आहेतच. फक्त चौलमधली देवळं एकमेकांपासून लांब असल्यानं त्या अर्ध्या दिवसासाठी रिक्षा ठरवून घ्या, आणि ठरवताना ठिकाणांची नावं मोजून सांगा. ‘चौल दाखवा’ एवढंच सांगितलं तर रामेश्वर आणि रेवदंड्याची वेस दाखवून रिक्षा परत फिरते.

## ३. पिशवीत काय आणि काय नाही

किल्ल्यासाठी मागून पट्टा असलेली, भिजली तरी चालेल अशी सँडल सगळ्यात चांगली. साधी चप्पल वाळूत रुतून निघून येते. बूट भिजले की पुढचे दोन दिवस ओलेच. आणि अनवाणी तर अजिबात नको: खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड पात्यासारखी कापते.

पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडता यावी. माणशी एक लिटर पाणी. टोपी. मोबाइल आणि गाडीची चावी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. चावीचं मुद्दाम सांगावं लागतं, कारण लोक मोबाइल जपतात आणि चावी खिशात ठेवतात. आजकालच्या चाव्यांत इलेक्ट्रॉनिक भाग असतो. खारं पाणी लागलं की गाडी उघडत नाही, आणि दुसरी चावी घरी कपाटात असते.

देवळांसाठी एक कोरडा, अंगभर कपड्यांचा जोड आणि छोटा टॉवेल गाडीत वेगळा ठेवा. वाळूनं भरलेल्या पायांनी, ओल्या हाफपॅंटवर गावच्या देवळात शिरणं बरं दिसत नाही. कुणी तोंडावर बोलणार नाही. पण गुरवाला मागून फरशी पुसावी लागते.

> सावध: गाडी वाळूवर उतरवू नका. पुळणीवर टायर रुततं, आणि रुतलेल्या गाडीपर्यंत भरती नेमकी वेळेवर पोचते. अलिबाग, नागाव, काशीद, कुठल्याच किनाऱ्याला हा नियम माफ नाही.

## ४. कुलाबा: आत जाणं सोपं, बाहेर पडणं वेळेवर

पहिली पायरी: निघायची वेळ. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी किनाऱ्यावरून निघा. पाणी उतरत असतं, त्यामुळे वाटेत घोटाभर लागलं तरी ते पुढे कमीच होणार असतं. सव्वानऊची ओहोटी असेल तर पावणेआठ. लघवीला वगैरे जाऊन यायचं ते किनाऱ्यावरच उरका.

दुसरी: वाट. आधी वाळू, मग खडक. स्थानिक माणसं ज्या रेषेत चालतात त्याच रेषेत चाला. हिरवं दिसतं ते शेवाळ. त्यावर पाय टाकू नका, खरखरीत काळ्या खडकावर टाका. मुलांना खांद्यावर घेऊ नये, हात धरून चालवावं. घसरलात तर दोघंही पडता.

घोडागाडी करायची का? पाणी पोटरीच्या वर असेल, सोबत वयस्कर मंडळी असतील किंवा भांगेचे दिवस असतील, तर करा. मात्र दर जाऊन-येऊन ठरवा, आणि परतीला किती वाजता उभं राहायचं ते गाडीवाल्याच्या तोंडून वदवून घ्या. नुसतं ‘येतो ना’ पुरत नाही. पाणी खूप असेल तेव्हा होड्याही चालतात. त्यातही परतीची वेळ हाच मुद्दा.

तिसरी: आतला क्रम. महादरवाजा किनाऱ्याच्या बाजूला, बुरुजांच्या आड आहे. किल्ला भारतीय पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे. तिकीट लागतं, ऑनलाइनही निघतं. सुटे पैसे जवळ असू द्या. आत गेल्यावर फोटो काढत तटावर चढायचा मोह होतो, आणि अर्धा तास तिथेच जातो. आधी सिद्धिविनायकाकडे जा. हे गणेश पंचायतन राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. देवळासमोरची पुष्करिणी, मग गोड्या पाण्याची विहीर (चारी बाजूंनी समुद्र आणि मध्ये गोडं पाणी, हे बघण्यासारखंच), त्यानंतर उत्तरेच्या तटावर गाड्यावर बसवलेल्या दोन विलायती तोफा. हे सगळं न धावता तासाभरात होतं.

उत्तरेला लागून सर्जेकोट हा छोटा किल्ला आहे, तिथे खडकांतून जाता येतं. घड्याळात ओहोटीची वेळ व्हायला अजून पाव तास बाकी असेल तरच तिकडे वळा. नसेल तर सोडा.

चौथी: बाहेर पडणं. पूर्ण ओहोटीनंतर अर्ध्या तासाच्या आत महादरवाजाच्या बाहेर. इतकी घाई कशाला, असं वाटतं, कारण समोर वाट कोरडी दिसत असते. पण भरती एकसारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात ती जेमतेम जाणवते, दुसऱ्यात वेग घेते आणि तिसऱ्या-चौथ्या तासात धावत येते. शिवाय पाणी समोरून येत नाही, खडकांमधल्या खोलगट भागांतून बाजूनं आणि मागून शिरतं. किल्ल्याच्या दारातून कोरडी दिसणारी वाट मध्येच तुटलेली असते, आणि हे कळतं तिथे पोचल्यावर.

> अडकलात तर: गुडघ्याच्या वर पाणी असेल आणि ओढ जाणवत असेल, तर पुढे जाऊ नका. किल्ल्यात परत जा. तिथे तुम्ही सुरक्षित आहात. होडी मिळेल, नाहीतर पुढची ओहोटी येईल. सहा-सात तास बसणं कंटाळवाणं आहे, एवढंच. अशा वेळी ‘अजून थोडंच तर आहे’ म्हणत पाण्यात उतरणारेच बुडतात.

> तपासा: मोबाइलवर दोन गजर लावा, एक पूर्ण ओहोटीचा आणि एक त्यानंतर वीस मिनिटांचा. दुसरा वाजला की जिथे असाल तिथून दरवाजाकडे.

कुलाबा युनेस्कोच्या यादीत आहे, असा एक गैरसमज अधूनमधून कानावर येतो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात खांदेरी आहे, कुलाबा नाही. खांदेरीला थळहून होडीनं जावं लागतं, तिथे वेताळाचं ठाणं आणि दीपगृह आहे, आणि त्याला स्वतंत्र दिवस द्यावा लागतो. कुलाब्याच्या दिवसात ते कोंबू नका.

## ५. दक्षिणेची फेरी: आक्षी, चौल, रेवदंडा, कोर्लई

सकाळची ओहोटी असेल तर किल्ल्यानंतर अंघोळ, जेवण, विश्रांती आणि ही फेरी दुसऱ्या दिवशी सकाळपासून. दुपारची ओहोटी असेल तर फक्त चौल त्याच दिवशी सकाळी करा आणि बाराच्या आत अलिबागला परता. रेवदंडा-कोर्लई दुसऱ्या दिवसावर टाका. चौल-रेवदंडा अलिबागहून पंधरा-सतरा किलोमीटर, पण रस्ता वाड्यांमधून, नारळी-पोफळीच्या बागांना खेटून जातो. समोरून एसटी आली की एकानं थांबायचं. पाऊण तास धरा.

वाटेत आक्षीला शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख सापडला, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. थांबायचं असेल तर पाच मिनिटं पुरतात. दगड झिजलेला आहे. अक्षरं वाचता येतील या अपेक्षेनं जाऊ नका.

चौलमध्ये आधी रामेश्वर. ते चौलनाक्याजवळ आहे. कौलारू देऊळ, समोर मोठी पुष्करिणी, आणि मंडपात जमिनीखाली अग्नी, वायू आणि पर्जन्य अशी तीन कुंडं. कुंडं उघडी नसतात, त्यामुळे लोक ‘कुंडं कुठायत?’ म्हणत देवळाभोवती फिरतात. मंडपातच खाली बघा. पुष्करिणीत हात-पाय धुऊ नका, निर्माल्य टाकू नका. शंकराचं देऊळ असल्यानं प्रदक्षिणा अर्धी, सोमसूत्रापर्यंत (पिंडीवरचं पाणी बाहेर नेणाऱ्या पन्हळीपर्यंत) आणि परत. गर्दीत पुढचा पूर्ण फेरी मारतो म्हणून मागचेही मारतात.

मग शीतळादेवी. नंतर भोवाळ्याकडे वळा: दत्ताची टेकडी आणि हिंगळाजदेवीची टेकडी. दोन्हीकडे पायऱ्या आहेत, म्हणून ही जोडी सकाळी दहाच्या आत संपवायची. हिंगळाजच्या टेकडीवर जुनी लेणीही आहेत. दोन्ही टेकड्या जमणार नसतील तर कुठली? गुडघे बरे असतील तर दत्त, नाहीतर हिंगळाज. मार्गशीर्ष पौर्णिमेपासून दत्ताची जत्रा भरते ती पाच दिवस चालते. जत्रेसाठीच येत असाल तर उत्तम. नुसती देवळं शांतपणे बघायची असतील तर ते दिवस टाळा, चौलमध्ये गाडी हलत नाही.

> सावध: गावची देवळं शहरातल्यासारखी दिवसभर उघडी नसतात. दुपारी बारा ते चार गाभारा बंद मिळू शकतो. देवळं सकाळी आणि किल्ले नंतर, हा इथला क्रम त्यामुळेच.

रेवदंड्याला रस्ताच तटबंदी फोडून आत शिरतो, त्यामुळे बरेच जण किल्ला ओलांडून गेले तरी त्यांना कळत नाही. वेस लागली की गाडी बाजूला लावा. आतल्या बागा खासगी आहेत. विचारून आत जा, पडलेला नारळ उचलू नका. सातखणी मनोऱ्याचे आता चारच मजले उभे आहेत. त्याच्या खाली सावलीत बसायचं नाही, दगड सुटलेले आहेत. अर्धा-पाऊण तास पुरे.

खाडीवरचा पूल ओलांडला की साळावला बिर्लांचं विक्रम विनायक मंदिर. तिथून पुढे कोर्लई. गावातून अरुंद रस्त्यानं दीपगृहापर्यंत जायचं, आणि दीपगृहामागच्या पायऱ्यांनी वर. चढ छोटा आहे, पण वर सावली नाही. दुपारी एकला चढणाऱ्यांची माथ्यावर पोचल्यावर बोलायचीही इच्छा राहत नाही. चारनंतर चढा, अंधार पडायच्या आत उतरा. किल्ला डोंगराच्या धारेवर लांबट पसरलेला आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी. या सगळ्या फेरीत एकच किल्ला निवडायचा असेल तर रेवदंडा सोडा आणि कोर्लई बघा.

## ६. जेवण: काय, कधी आणि कसं मागायचं

पहिला नियम साधा: देवळं आधी, मासे नंतर. मासे खाऊन देवळात जायचं नाही हे बऱ्याच घरांत अजून पाळतात. सकाळी देवळं उरकली की दुपारी सोबतच्या कुणाची अडचण होत नाही.

दुसरा नियम वाराचा. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टी या दिवशी इथल्या कितीतरी घरांत मासळी होत नाही, त्यामुळे बाजारात माल आणि विविधता दोन्ही कमी असतात. पर्यटकांच्या खाणावळी चालू असतात, पण ताज्या मासळीसाठी रविवार, बुधवार, शुक्रवार बरे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात पापलेट-सुरमई मागितलीत तर ती बहुधा बर्फातली असणार. खाडीची मासळी, चिंबोऱ्या, सुकट यांच्याकडे वळा.

तिसरा: अलिबागला येऊन मालवणी थाळी मागू नका. मिळेल, कारण गिऱ्हाईक मागतं. पण इथला हात आगरी-कोळी. मसाला वेगळा, ओल्या नारळाचं वाटण कमी, रस्सा पातळ आणि झणझणीत. मागायचं ते असं: बोंबील (ताजे, पाणी दाबून काढून तळलेले), कोळंबीचं कालवण, मोसमात तिसऱ्या किंवा चिंबोरीचा रस्सा, तांदळाची भाकरी, शेवटी भात आणि सोलकढी. जिताडा मिळाला तर पापलेट विसरा. या भागाची खरी मिजास त्याच्यात आहे. तो रोज मिळत नाही, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा.

खाणावळीत बसल्यावर तीन गोष्टी विचारा. आज ताजं काय आलंय? थाळीत तुकडा कुठल्या माशाचा आणि किती? वेगळा मासा घेतला तर दर नगावर की वजनावर? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर न घेता ‘एक मोठं पापलेट’ सांगितलं की बिलावरून वाद होतो, आणि त्यात खाणावळवाल्याची चूक नसते. शक्य असेल तर मासा बघून घ्या: कल्ले लाल, डोळे फुगीर आणि चकचकीत, अंग दाबलं तर खड्डा राहता कामा नये.

घरगुती खाणावळीत सकाळी दहाच्या आत फोन करून माणसं आणि मेन्यू सांगा. दीडला सहा जण दारात उभे राहिले की मिळतं ते उरलेलं, किंवा मग तासभर वाट. रविवारी दुपारी तर साडेबाराला बसा किंवा अडीचनंतर.

शाकाहारी मंडळींनी पंजाबी भाजी मागून स्वतःवर अन्याय करू नये. वालाचं बिरडं, घावन आणि नारळाचा रस, आंबोळी, उकडीचे मोदक. हे सगळं घरगुती ठिकाणी आधी सांगितलं तर नीट मिळतं. आयत्या वेळी मोदक मागितले तर उकड काढायला वेळ लागतो, मग फ्रीजमधले गरम करून येतात.

पोपटी फक्त थंडीत, वालाच्या शेंगा भरल्यावर, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधे अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्यानं बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. पाणी थेंबभरही नाही. अर्धा-पाऊण तास आच लागते, त्याआधी तयारीला तेवढाच वेळ. म्हणून पोपटी रात्रीच्या जेवणाला धरा आणि आदल्या दिवशी सांगा. शाकाहारी असतील तर त्यांचं मडकं वेगळं लावायला सांगायचं विसरू नका. नंतर ‘बाजूच्या शेंगा घ्या’ म्हटलं तर त्या कोंबडीच्या रसात भिजलेल्या असतात. आणि मे महिन्यात कुणी पोपटी देऊ करत असेल तर ती मडक्यातली चिकन डिश समजा.

## ७. परतीच्या दिवशी कनकेश्वर

कनकेश्वर मापगावच्या डोंगरावर, मांडव्याकडे परतणाऱ्यांच्या वाटेवरच आहे. म्हणून तो निघायच्या दिवशी सकाळी ठेवा. कुलाब्याच्या दिवशी ठेवलात तर पाय दोन्हीकडे दगा देतात. सातशेहून अधिक दगडी पायऱ्या आहेत. साडेसहाला पायथा, रमतगमत तासाभरात माथा, नऊ-साडेनऊला परत खाली. वाटेत नागोबाचा टप्पा, देवाची पायरी, गायमांडी असे थांबे लागतात. श्वास घ्यायला त्यांचाच उपयोग करा, मध्येच पायरीवर बसून येणाऱ्यांची वाट अडवू नका.

वर देऊळ आणि पुष्करिणी. माकडं आहेत, हातात प्रसादाची पिशवी दिसली की ती तुमची राहत नाही. पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा. पावसात पायऱ्या शेवाळतात आणि श्रावणी सोमवारी रांग लागते. चढताना कुणी घसरत नाही, उतरताना घसरतात. उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा.

> तपासा: मांडव्याहून परतीची बोट साडेबाराच्या आधीची काढू नका. खाली उतरून, नाश्ता करून, धक्क्यावर अर्धा तास आधी पोचायचं आहे.

खरेदी सगळ्यात शेवटी. पांढरा कांदा, ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो भातानंतरचं पीक आहे. नवा माल साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत. वेणी घालून माळा विकतात. वेणीतला प्रत्येक कांदा दाबून बघा. मानेजवळ मऊ लागला तर माळ आठवडाभरात सडायला लागते. पावसाळा संपतासंपता रस्त्याकडेला दिसणारा चकचकीत पांढरा कांदा इथलाच असेल असं धरून चालू नका. घरी आणल्यावर माळ हवेशीर जागी टांगा; प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा फ्रीजमध्ये ठेवली तर कोंब फुटतात.

सुकट, सुके बोंबील घ्यायचे तर एप्रिल-मेमध्ये. मोडल्यावर कट्‌कन तुटायला हवेत. वाकले तर आत ओल आहे, महिनाभरात बुरशी धरतील. दोन पिशव्यांत घट्ट बांधून, वर कापडी पिशवी घालून, कपड्यांपासून वेगळ्या पिशवीत ठेवा. लाँचच्या बंद खालच्या मजल्यावर ती पिशवी घेऊन बसू नका, वरच्या मजल्यावर जागा धरा.

आमसुलं मात्र कधीही घ्या. ओलसर, काळपट-लाल आणि मिठाचा जाड थर नसलेली बघून.